पॅरिशच्या शाळेची फी सरकारनं का भरावी?

ओहायोकर

गेल्या आठवड्यात मुलीच्या शाळेच्या ऑफिसात गेलो होतो. शाळा कॅथलिक, पॅरिशची, म्हणजे स्थानिक चर्चची. आम्ही देशस्थ, घरात गणपती आणि अंबाबाई. ऑफिसातल्या बाईंनी दोन कागद एकाच टाचणीनं लावून दिले. वरचा पुढच्या वर्षीच्या फीचा, खालचा 'एडचॉइस' व्हाउचरचा, म्हणजे खासगी शाळेची फी राज्य सरकारनं भरण्याच्या योजनेचा फॉर्म. फी साडेपाच हजार डॉलरवरून एकसष्टशेच्या वर गेली होती. खालचा कागद वाचल्यावर कळलं की व्हाउचरची कमाल रक्कमही बरोब्बर तेवढीच आहे.

मी म्हटलं, आम्ही दोघं कमावतो, आतापर्यंत घेतलं नाही. बाई हसून म्हणाल्या, "इथं सगळेच भरतात. तुम्ही न भरून कुणाचं भलं होणार आहे?"

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. ओहायोत व्हाउचर तसं जुनं. क्लीव्हलंड शहरात १९९६ साली सुरू झालं, नंतर राज्यभर पसरलं, पण मुख्यतः खराब निकालाच्या सरकारी शाळांच्या हद्दीतल्या मुलांना आणि कमी उत्पन्नाच्या घरांना मिळायचं. २०२३ च्या अर्थसंकल्पात दार सगळ्यांनाच उघडलं. चौघांच्या कुटुंबाचं उत्पन्न तेव्हा साधारण १ लाख ३५ हजार डॉलरपर्यंत असेल तर पूर्ण रक्कम: आठवीपर्यंत ६,१०० च्या आसपास, हायस्कूलला ८,४०० च्या आसपास. त्याच्या वर कमाई जाईल तशी रक्कम घटते, पण कितीही श्रीमंत असलात तरी दहा टक्के हातात पडतातच. राज्याच्या सगळ्या व्हाउचर योजनांचा वर्षाचा खर्च आता शंभर कोटी डॉलरच्या घरात गेलाय, आणि त्यातला मोठा वाटा धार्मिक शाळांकडे जातो. त्यातही कॅथलिक शाळा सर्वांत जास्त.

मला शाळेबद्दल तक्रार नाही. शाळा उत्तम आहे, म्हणून तर मुलगी तिथं आहे. लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या) शुक्रवारी जिममध्ये फिश फ्राय असतो, बायको तिथं कोलस्लॉ वाढायला जाते. माझा प्रश्न वेगळा आहे. कुणाला घ्यायचं ते शाळा ठरवणार, काय शिकवायचं ते शाळा ठरवणार, फी किती तेही शाळाच ठरवणार, आणि बिल करदात्यांच्या नावावर. आमच्याच गल्लीच्या टोकाला सरकारी शाळा आहे. तिच्या जादा मालमत्ता कराचं मतदान गेल्या खेपेला पडलं. लोकांच्या अंगणात 'हो'च्या पाट्या होत्या, 'नको'च्याही होत्या, आणि 'नको' जिंकलं. त्या शाळेला पैसा हवा तर गावाला विचारावं लागतं. माझ्या मुलीच्या शाळेला फक्त माझी सही लागते.

फॉर्म अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे. सरकारनं चर्चच्या शाळेला पैसा द्यावा का? द्यावाच म्हणत असाल तर कुठल्या अटींवर? ज्यांची मुलं अशा शाळांत आहेत किंवा ज्यांनी तिथं काम केलंय त्यांचं मत विशेष हवंय.

हिशेबनीस

फ्रिजवरून काढा आणि भरा. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पैसा शाळेचा नसतो, मुलाचा असतो. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ साली हेच मांडलं होतं: शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलणं वेगळं आणि शाळा सरकारनंच चालवणं वेगळं. महाराष्ट्रात सरकारी आरोग्य योजनेतून एखाद्याचं ऑपरेशन मिशन हॉस्पिटलात झालं तर कुणी म्हणतं का की सरकारनं ख्रिस्ती धर्माला अनुदान दिलं? रोग्यानं हॉस्पिटल निवडलं, बिल सरकारनं भरलं, विषय संपला.

तुमच्याच राज्याचा खटला आहे, क्लीव्हलंडचा. 'झेलमन', २००२. व्हाउचर घेणाऱ्या ५६ शाळांपैकी ४६ धार्मिक होत्या आणि ९६ टक्के मुलं त्यांत जात होती. तरी सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की चर्चपर्यंत पैसा पोचतो तो पालकाच्या निवडीतून, सरकारच्या हातून नाही. हे झालं तत्त्वाचं. व्यवहाराचं म्हणाल तर अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचा २०२५ चा अभ्यास बघा. ओहायोत व्हाउचर घेतलेल्यांपैकी ६४ टक्के मुलं कॉलेजात गेली, सरकारी शाळेतल्या तशाच मुलांपैकी ४८ टक्के. सोळा टक्क्यांचा फरक. कुठल्या सरकारी योजनेनं एवढा दाखवलाय?

आणि ते फी वाढवतात म्हणून तक्रार असेल तर दुसरी शाळा बघा. बाजार त्यासाठीच असतो.

झणझणीत

अवांतर: फिश फ्रायमध्ये मासा कुठला असतो? आमच्याकडे ताटात कोलस्लॉ वाढला तर आजी उठून गेली असती.

अनघा_मिलवॉकी

हिशेबनीस, हिशेब अर्धाच मांडलात.

तो ६४ विरुद्ध ४८ चा अभ्यास २००८ ते २०१४ मध्ये व्हाउचर घेतलेल्या मुलांचा आहे. म्हणजे जुन्या योजनेतली, खराब निकालाच्या शाळांमधून निघालेली, बहुतेक गरीब घरांतली मुलं. त्यांचं भलं झालं असेल तर आनंदच आहे. पण त्या आकड्यावर आज आयटीतल्या जोडप्याला चेक देणं म्हणजे दुष्काळी गावाचा अहवाल दाखवून कोल्हापूरला टँकर पाठवण्यासारखं आहे. आणि त्याच ओहायोच्या योजनेवर २०१६ साली फोर्डम इन्स्टिट्यूटनं अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात व्हाउचर घेऊन गेलेली मुलं परीक्षेत, विशेषतः गणितात, मागे पडलेली दिसली. फोर्डमवाले स्वतः व्हाउचरचे समर्थक, हे लक्षात घ्या.

व्हाउचरवाले म्हणतात सरकारचा पैसा वाचतो, पण तो कधी? मूल सरकारी शाळा सोडून आलं तर. धागाकर्त्यांची मुलगी आधीपासूनच पॅरिशच्या शाळेत आहे. तिच्यामुळे सरकारचा एक डॉलर वाचत नाही, नवा खर्च तेवढा वाढतो. २०२३ नंतर ओहायोत व्हाउचरं कितीतरी पटींनी वाढली, खासगी शाळांतली मुलं त्या मानानं वाढलीच नाहीत. मग ती व्हाउचरं कुणाला मिळाली ते उघड आहे.

मी जिथं राहते तिथं हे सगळं १९९० साली सुरू झालं. पॉली विल्यम्स नावाच्या कृष्णवर्णीय डेमोक्रॅट आमदार बाईंनी रिपब्लिकन गव्हर्नरला बरोबर घेऊन कायदा करून घेतला. पहिल्या वर्षी साडेतीनशेही मुलं नव्हती, सगळी गरीब, आणि धार्मिक शाळा त्यात नव्हत्याच. त्या १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिल्यावर आल्या. पुढे उत्पन्नाची मर्यादा वाढवत नेली तेव्हा विरोध करणाऱ्यांत ह्याच बाई होत्या.

आता माझं. मुलगा सात वर्षांचा होता, ऑटिझम आहे. घराजवळच्या एका धार्मिक शाळेत व्हाउचरसाठी नाव घातलं. इथं विस्कॉन्सिनमध्ये जागा कमी असतील तर शाळेला लॉटरी काढावी लागते. आमचा नंबर लागला, पेढे वाटायचे बाकी होते. चौथ्या दिवशी सकाळी अकराला फोन. आवाज इतका गोड की मला आधी वाटलं कौतुक करायला फोन आलाय. "आमच्याकडे त्याच्यासाठी लागणारी माणसं नाहीत, तुम्हालाच वाईट वाटेल." त्यांनी कायदा मोडला नाही. किरकोळ फेरबदल करून जमत असेल तेवढंच करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पुढच्या सोमवारी सरकारी शाळेत मीटिंग झाली. टेबलाभोवती आठ माणसं: वर्गशिक्षिका, विशेष शिक्षिका, स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, आणखी कोण कोण. त्या टेबलाला 'आमच्याकडे माणसं नाहीत' म्हणायची मुभा नाही. त्या टेबलाचा पैसा कुठून येतो आणि कुठं चाललाय, ते हिशेबात धरा.

कुपारी

मी वसईचा. पस्तीस वर्षं पॅरिशच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवलं, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे विशेष मत मागितलंय त्यांतला मी.

धागाकर्त्यांच्या लिखाणात एक गृहीत धरलंय, की अमेरिकेतली सरकारी शाळा म्हणजे धर्माच्या बाबतीत कोरी पाटी आणि कॅथलिक लोक हौसेनं बाजूला झाले. तसं घडलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सरकारी शाळांत बायबल वाचलं जायचं, तेही प्रोटेस्टंटांचं किंग जेम्स. आयरिश कॅथलिक पोरांनाही तेच म्हणावं लागे. फिलाडेल्फियाच्या बिशपांनी विनंती केली की आमच्या मुलांना आमचं भाषांतर वाचू द्या. १८४४ साली त्या वादाच्या भडक्यात दंगली झाल्या, चर्च जाळली गेली. न्यूयॉर्कला बिशप ह्यूज शाळानिधीत वाटा मागत होते, तो मिळाला नाही. तेव्हा यांनी स्वतःच्या पैशानं शाळा बांधल्या. १८८४ च्या बाल्टिमोरच्या परिषदेनं तर प्रत्येक पॅरिशला शाळा असलीच पाहिजे असा दंडकच घातला. आधी कर भरा, मग फी भरा. दीडशे वर्षं दोनदा पैसे मोजलेल्या माणसाला आज थोडे परत मिळाले तर 'करदात्यांच्या पैशावर चर्च' म्हणून ओरडा का? करदाते हेच होते की.

१८७५ मध्ये ब्लेन नावाच्या पुढाऱ्यानं राज्यघटनेत दुरुस्ती आणायचा घाट घातला, धार्मिक शाळांना दमडी देऊ नये म्हणून. ती सिनेटमध्ये पडली, पण पुढं कितीतरी राज्यांनी आपापल्या घटनेत तसली कलमं घातली. त्यांच्या तोंडी भाषा धर्मनिरपेक्षतेची, रोख कॅथलिकांवर.

आणि स्वस्त कॅथलिक शाळा कशावर चालली? सिस्टर्सच्या फुकट राबण्यावर. साठच्या दशकात अमेरिकेत ५० लाखांहून जास्त मुलं या शाळांत होती, शाळा तेरा हजारांच्या घरात. शिकवायला बव्हंशी जोगिणी, पगार नावाला. आता शाळा सहा हजारांच्या आत आल्यात, मुलं सतरा लाखांच्या आसपास, आणि शिकवणारे नव्वद टक्क्यांहून जास्त संसारी लोक, ज्यांना घरभाडं असतं. सिस्टर्स गेल्या त्या दिवसापासून ही फी कुणीतरी भरायलाच हवी होती.

शेवटचं, आणि हे मराठी माणसानं विचारावं याचं मला हसू येतं. आमच्या शाळेत सगळ्या शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येत होता. महाराष्ट्रातल्या शेकडो मिशनच्या, रयतेच्या, संघाच्या, मदरशाशेजारच्या उर्दू शाळा अनुदानावर चालतात. घटनेचं ३० वं कलम सांगतं की अल्पसंख्याकांची संस्था म्हणून अनुदानात भेदभाव करायचा नाही. आपण त्याच शाळांत शिकलो, आणि ओहायोत पोचल्यावर आपल्याला एकदम घटना आठवते.

ओहायोकर

कुपारीकाका, फिलाडेल्फियाचं मला खरंच माहीत नव्हतं. एक भर घालतो, आमच्या राज्याचीच. ओहायोच्या घटनेतलं कलम ब्लेनच्याही आधीचं, १८५१ चं आहे: शाळानिधीच्या कुठल्याही भागावर कुठल्याही धर्मपंथाचा एकट्याचा हक्क वा ताबा असणार नाही. आणि १८६९ मध्ये सिनसिनाटीच्या शाळा मंडळानं बायबल वाचणं बंद केलं, त्यावर मोठं रण माजलं, पण १८७२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मंडळाची बाजू उचलून धरली. म्हणजे अन्याय झाला, त्यावर सरकारी शाळा धर्मापासून सोडवणं हाही एक उपाय होता. वाटा देणं हा एकमेव नव्हता.

अनुदानाचा मुद्दा मात्र मी तुमच्यावरच उलटवतो. तुमच्या शाळेला पगार मिळाला तो कशाच्या बदल्यात? फी ठरवायला तुम्ही मोकळे होतात का? अभ्यासक्रम मंडळाचा, दहावीची परीक्षा मंडळाची, पदं मंजूर करणार शिक्षणाधिकारी. आणि घटनेचं २८ वं कलम: अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाला मुलाच्या पालकांची संमती लागते. माझ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात पहिली ओळ 'रिलिजन' आहे, गणिताच्या वर. तिला त्यात 'ए' मिळतो, आजीला फोनवर अभिमानानं सांगते, आजी विचारते "कुठला गं रिलिजन?" आम्ही हसतो. आम्ही फी भरून हे स्वीकारलंय, आमची तक्रार नाही. पण त्याचे पैसे शेजारच्या ज्यू म्हातारीनं का भरावेत? तुमच्या वसईत सरकारनं शिक्षक दिला आणि अटी लावल्या. इथं सरकार पैसे देतं आणि तोंड फिरवतं. दोन्हीला अनुदान म्हणणं चुकीचं आहे.

हिशेबनीस

शेजारच्या म्हातारीच्या करातून सरकारी शाळेतला फुटबॉलचा कोचही पोसला जातो. तिनं कधी बॉल पाहिला नसेल.

बार्देशकार

गोव्यातून लिहितोय. अटींबद्दल बोलताय म्हणून आमचा किस्सा ऐका.

१९९० पर्यंत आमच्याकडे चर्चच्या प्राथमिक शाळा इंग्रजीत चालायच्या आणि अनुदानही घ्यायच्या. त्या वर्षी सरकारनं ठरवलं, अनुदान हवं तर माध्यम मराठी किंवा कोकणी. शिक्षणमंत्री होत्या शशिकलाताई काकोडकर. चर्चनं काय केलं? अनुदान सोडलं नाही, माध्यम सोडलं. डायोसेझनच्या (चर्चच्या धर्मप्रांताच्या) शाळांनी कोकणी घेतली, तीही देवनागरीतली, जिथं घराघरांत प्रार्थनेचं पुस्तक रोमी लिपीत. माझी मावशी तेव्हा शिकवायची. रात्री जेवणं झाल्यावर देवनागरी बाराखडी गिरवत बसायची, कारण सकाळी तीच तिला पहिलीच्या पोरांना शिकवायची होती.

पुढं पालक कुरकुरायला लागले, पोरं बिनअनुदानित इंग्रजी शाळांत जायला लागली. २०११ मध्ये दिगंबर कामतांच्या सरकारनं इंग्रजीलाही अनुदान दिलं. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला, आघाडीवर पुन्हा ताईच. २०१२ मध्ये पर्रीकर आले, आणि ज्यांनी मंचाला टाळ्या दिल्या होत्या त्यांनीच अनुदान चालू ठेवलं. त्यावरून २०१६ मध्ये मंचाचे नेते आणि गोव्यातले संघप्रमुख सुभाष वेलिंगकर यांना संघाच्या पदावरून जावं लागलं. सगळ्या रामायणात अनुदानच नको असं कोणी म्हटलं नाही, ना चर्चनं, ना मंचानं.

मी स्वतः कॅथलिक आहे, आणि कुपारीअंकलच्या उलट माझं मत असं की ओहायोतल्या बिशपांनी ह्या पैशाला हात लावायला नको होता. आज अट नाही, उद्या सरकार बदलल्यावर येईल. तोवर शाळेला सवय लागलेली असेल. आम्ही एका पिढीत दोनदा भाषा बदलली, पैशाच्या मागं.

अनघा_मिलवॉकी

बार्देशकार, सवयीबद्दल बोललात तर मिलवॉकीच्या कॅथलिक पॅरिशवरचा एक अभ्यास आहे, नोत्र दाम विद्यापीठाच्या हंगरमन आणि मंडळींचा. म्हणजे कॅथलिक विद्यापीठातलेच लोक. त्यांना दिसलं की व्हाउचरमुळे पॅरिश बंद पडणं, दुसऱ्यात विलीन होणं कमी झालं. पण भाविकांचं दानही घटलं, आणि शाळेव्यतिरिक्तच्या धर्मकार्यावरचा खर्चही. व्हाउचर घेणाऱ्या सर्वसाधारण पॅरिशला दानापेक्षा व्हाउचरमधूनच जास्त पैसा येत होता. चर्च वाचलं, दानपेटी हलकी झाली. यातलं बरं काय, वाईट काय, ते चर्चवाल्यांनी ठरवावं. मला एवढंच दिसतं की आमच्या राज्याचं शिक्षण खातं काही चर्चचं सर्वांत मोठं देणगीदार झालंय.

टोरोंटोची_मावशी

तुम्ही व्हाउचरवर भांडताय, आमच्या ओंटारिओत कॅथलिक शाळा सरळ सरकारीच आहेत. १८६७ च्या घटनेतला सौदा, कॅथलिकांच्या शाळा सांभाळण्याचा. वेगळं बोर्ड, वेगळे निवडून आलेले ट्रस्टी, पूर्ण सरकारी पैसा, फी शून्य. ज्यू, शीख, हिंदू, मुसलमान शाळांना मात्र काही नाही. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं याला भेदभाव म्हटलं, आमच्या सरकारनं ऐकून घेतलं आणि पुढं चालू. क्यूबेक आणि न्यूफाउंडलंडनं नव्वदच्या दशकात असली व्यवस्था मोडली, आम्ही नाही. माझी दोन्ही नातवंडं कॅथलिक हायस्कूलला जातात, युनिफॉर्म आहे म्हणून सुनेला आवडतं.

कुपारी

ओहायोकर, अटींचं मला शिकवू नका, मी त्यांत आयुष्य काढलंय.

अट म्हणजे काय सांगतो. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पटसंख्या तेवीसनं कमी भरली म्हणून आमचा चित्रकलेचा माणूस 'अतिरिक्त' ठरला. वीस वर्षं नोकरी झालेला. शिपाई निवृत्त झाला, त्याची जागा भरायला परवानगी नाही, घंटा मी वाजवायचो. पगार सरकार देतं, पण खडू, वीज, संडासाची डागडुजी यासाठीचं वेतनेतर अनुदान कधी यायचं, कधी नाही, आलं तर कुठल्या तरी जुन्या सालच्या दरानं. एका फाइलसाठी मी एका कार्यालयात अकरा खेपा घातल्या. बाराव्या खेपेला साहेब म्हणाले, फाइल सापडली, पण आता नमुना बदललाय. शाळेत साठ टक्के मुलं हिंदू, आदिवासी पाड्यांवरची. त्यांना धर्म शिकवत नव्हतो, नीतिशिक्षणाचा तास होता, त्यात साने गुरुजींची गोष्ट चालायची. एवढं सगळं पाळून शेवटी संस्थेला वाटायला लागलं की पुढची तुकडी विनाअनुदानित काढलेली बरी. आणि तसंच झालं. आज शेजारी इंग्रजी माध्यमाची इमारत उभी आहे, फीवर चालणारी, मराठीच्या वर्गांना कुलूप लागत चाललंय. तुमच्या अटींनी शाळा लोकांची राहते म्हणता? आमची तर गरिबांच्या हातून निसटली.

म्हणून मला व्हाउचर आवडतं. पैसा मुलाबरोबर आला असता तर पाड्यावरच्या पोरांसकट माझा चित्रकलेचा शिक्षकही टिकला असता.

हिशेबनीस

शंभर टक्के. आणि आपल्याकडे आरटीईचे, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखालचे, गरीब मुलांचे २५ टक्के प्रवेश म्हणजे दुसरं काय? व्हाउचरच.

अनघा_मिलवॉकी

आरटीईचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. त्यात शाळेला मूल निवडता येत नाही, सोडत सरकार काढतं. आणि २०१४ च्या 'प्रमती' निकालानं अल्पसंख्याक शाळांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे गरीब पोरांना २५ टक्के जागा देण्याची सक्ती आली तेव्हा मिशनच्या शाळा बाहेर. सरकारनं पैसे थकवले हे खरं, महाराष्ट्रातल्या शाळा दरवर्षी त्यासाठी रडतात. पण काका, गरिबांचं नाव घेताय म्हणून विचारते, त्या सुटीवर किती मिशनच्या शाळांनी 'आम्हाला सूट नको' म्हटलं?

कुपारी

फार नाही म्हटलं. हे मान्य करतो.

केरळमध्येही १९५७ चं शिक्षण विधेयक आलं तेव्हा आमच्या लोकांनी रस्त्यावर येऊन सरकार पाडायला हातभार लावला, पगार सरकारचा पण नेमणूक आमची ह्यासाठी. तो इतिहास मला ठाऊक आहे आणि त्याचा मला अभिमान नाही. पण म्हणून ओहायोतल्या एखाद्या मेकॅनिकनं पोराला पॅरिशच्या शाळेत घालू नये?

ओहायोकर

मेकॅनिकला द्या, माझा विरोध नाही. ओहायोच्या कायद्यातही एक चांगली गोष्ट आहे: उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दुपटीच्या आत असेल तर शाळेला व्हाउचरच्या वर फी मागता येत नाही. माझा विरोध मला देण्याला आहे.

हिशेबनीस

मग नका घेऊ. सक्ती थोडीच आहे. तसंही सगळं कोर्टात आहे. २०२५ च्या जूनमध्ये कोलंबसच्या न्यायाधीशबाईंनी एडचॉइस राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवलं, पण अपील होईपर्यंत योजना चालू. केंद्रीय घटनेच्या बाजूनं मात्र तुमची दारं बंद होत आलीत. २०२० चा माँटानाचा आणि २०२२ चा मेनचा निकाल: राज्यानं खासगी शाळांना पैसे दिलेच पाहिजेत असं नाही, पण दिले तर धार्मिक म्हणून वगळता येणार नाही. आणि २०२७ पासून केंद्राची करसवलत येतेय, शिष्यवृत्ती संस्थांना दिलेल्या देणगीवर १,७०० डॉलरपर्यंत. वारं कुठं वाहतंय ते बघा.

अनघा_मिलवॉकी

वारं? लोकांना विचारलं तिथं काय झालं तेही सांगा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंटकी, नेब्रास्का, कोलोरॅडो, तिन्ही ठिकाणी मतदारांनी नाही म्हटलं, त्यातली दोन ट्रम्पना मत देणारी राज्यं. ओक्लाहोमात तर कॅथलिक ऑनलाइन चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र व्यवस्थापनानं चालणारी) संपूर्ण सरकारी पैशावर काढायचा प्रयत्न झाला, सेंट इसिडोर नावानं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ४ झालं आणि ती अडकली. एक न्यायमूर्ती बाजूला झाल्या म्हणून.

ओहायोकर, तुम्हाला एकच काम सांगते. फॉर्मचं पुढं बघू. मुख्याध्यापिकेला जाऊन विचारा, माझ्या मुलासारखं मूल घेता का.

ओहायोकर

विचारलं. काल दुपारी गेलो होतो.

बाईंनी टाळाटाळ केली नाही. म्हणाल्या, विशेष गरजांसाठीचं वेगळं व्हाउचर घेऊन आलेली दोन मुलं आहेत, तिसरं घेतलं तर बघायला माणूस नाही. गेल्या वर्षी तीन घरांना नाही म्हणावं लागलं. त्यातलं एक पॅरिशमधलंच, आई गायनवृंदात आहे, अजून नीट बोलत नाही. मी म्हटलं, आता व्हाउचरचा पैसा वाढलाय, त्यातून एक शिक्षिका नेमता येईल की. त्यांनी ड्रॉवरमधून बॉयलरचं कोटेशन काढून दाखवलं.

निघताना मंगळवारची स्पीच थेरपिस्ट वर्गाबाहेर एका मुलाबरोबर बसलेली दिसली. तिच्या गळ्यातलं ओळखपत्र सरकारी शाळा डिस्ट्रिक्टचं होतं. मुलीला शाळेत नेणारी पिवळी बसही त्यांचीच, कायद्यानं त्यांना आणावीच लागते. ज्या डिस्ट्रिक्टचा जादा कर पडला, तेच.

कुपारी

बॉयलर कितीचा आहे?

ओहायोकर

साठ हजार.

कुपारी

मग दानपेटीतून नाही व्हायचा.

झणझणीत

फॉर्म भरला का ते सांगा हो. आणि मासा कुठला?

ओहायोकर

मासा कॉड. फॉर्मची मुदत अजून आहे.